दुसऱ्या ब्रेकवरचा माणूस

फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी महाडच्या मैदानावर एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होतो. बाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, चार माणसांना धाकात ठेवतात, पण रिव्हर्स गिअर पडला की डोळे मिटून घेतात. “मॅडम, डोळे उघडा, मागे भिंत आहे,” असं मी सांगतोय तोवर खिशातला फोन वाजला. गणपतदादांचा पुतण्या होता. “रशीदभाई, आमचे दादा गेले,” म्हणाला. माझ्या तोंडून निघालं, “कुठल्या गाडीत होते?” तो मग म्हणाला, “गाडीत नाय हो... घरीच व्हते. चहा पिता पिता मान टाकली.” मी बाईंना घरी सोडलं आणि शाळेत येऊन नुसता बसून राहिलो. आज त्याला दीड महिना झाला. एकसष्ट वर्षांचा माणूस स्वतःच्या घरी, चहा पिताना, हृदय बंद पडून गेला, यात न समजण्यासारखं काय आहे? काही नाही. तरी मला काही समजेनासं झालंय, आणि जे समजत नाही तेच लिहायला बसलोय, तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

महाडला माझी मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. पाटीवर नाव माझं, पण बावीस वर्षं लोक तिला गणपतदादांची शाळा म्हणूनच ओळखत होते. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या अलीकडे डोंगराला टेकलेली त्यांची वाडी. भाऊ मुंबईला, मुलगी लग्न होऊन मुंबईला. हे मात्र थोडी भातशेती आणि माझी नोकरी सांभाळत इथेच राहिले. पगार मी द्यायचो आणि अरेतुरे ते मला करायचे. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा उजवीकडे, शिकवणारा डावीकडे; शिकणाऱ्याचा घोळ झाला की शिकवणाऱ्याने आपला ब्रेक दाबायचा. आम्ही त्याला दुसरा ब्रेक म्हणतो. आमच्या धंद्यात माणसाची पारख त्या ब्रेकवर होते. मी भित्रा. लांब कोंबडी दिसली तरी माझा पाय खाली. दादांचं सगळं उलट. ते म्हणायचे, “शिकनाऱ्याची चूक पुरी होऊ द्यावी रे. अर्ध्यात धरलास तर त्याला वाटतं, आपलं बरोबरच चाललं व्हतं.”

यावरून आमची भांडणं किती झाली, मोजदाद नाही. आमच्याच मोहल्ल्यातला एक जण आखातात जायचं म्हणून शिकायला आला होता. नाते गावाच्या रस्त्याला दादा त्याला घेऊन गेले आणि हा पठ्ठ्या वळणावर फिरवलेलं स्टिअरिंग सोडून परत सरळ करायलाच विसरला. गाडी माणसाच्या चालीने चालली होती, तरी दादांनी ब्रेक दाबला नाही. डावं चाक सरळ गटारात. गाडी तिरकी, आत दोघं तिरके, आणि दादा चुन्याची डबी काढून विचारतायत, “आता सांग, चूक कधी झाली? गटारात पडलास तवा नाय. त्याच्या आधी. कधी?” माझा बंपर गेला. मी संध्याकाळी बोंब मारली, “दादा, गाडी माझी आहे.” तर म्हणाले, “आनि हा उद्या तिकडं ट्रेलर घेऊन उलटला, तर तुझा बंपर त्याच्या कुठं लावू?” तो गडी आज मस्कतला ट्रेलर चालवतो. दादा गेल्याचं कळल्यावर त्याचा फोन आला, बोलता बोलता रडायला लागला. म्हणाला, “भाई, ती जागा मला अजून दिसते. गटाराच्या वीस फूट आधी.” आणि हेही सांगायला हवं, की बावीस वर्षांत बंपरच्या पलीकडे कधी काही गेलं नाही. दादांचा पाय अगदी शेवटाला पडायचा, पण पडायचा.

गेल्या पावसाळ्यानंतर पुण्याच्या एका कंपनीची माणसं इथे आली. आपली आपण चालणारी गाडी त्यांना आमच्या डोंगरातल्या रस्त्यांवर चालवून बघायची होती. शहरातले सरळ रस्ते तिला जमू लागले होते म्हणे, आता वळणं, चढ, गुरं, खड्डे हे सगळं हवं होतं. म्हटलं, त्याला तोटा नाही, योग्य तालुक्यात आलात. त्यांची इंजिनियर श्रुती नावाची मुलगी, हुशार आणि बोलायला साधी. ती माझ्या शाळेत येऊन म्हणाली, “काका, आम्हाला गाडी चालवणारा नकोय. गाडी चालत असताना चालकाच्या जागेवर बसून तिच्यावर नजर ठेवणारा हवाय. गरज पडली तरच ब्रेक दाबायचा.” मला हसूच आलं. म्हटलं, असा माणूस या जिल्ह्यात एकच आहे. तिला शिफारसपत्र हवं होतं, मी तिथल्या तिथे लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘गणपतदादा विनाकारण ब्रेक मारत नाहीत.’ ते वाक्य लिहून मी स्वतःवर खूश झालो होतो, हे कबूल करतो.

आता एक गोष्ट सांगतो, त्यावरून कळेल माझं डोकं कुठे अडलंय. माझ्या शाळेत एक जुनी छोटी गाडी आहे. तिच्या तपासणीला आरटीओचे साहेब येतात. दुसरा ब्रेक दाबून बघतात. शिकाऊ गाडीचा मागचा पुढचा तांबडा एल पुसट झालाय का बघतात. प्रथमोपचाराची पेटी उघडून बाटलीवरची तारीख वाचतात. एकदा आयोडिन जुनं निघालं तर मला परत बोलावलं होतं. बरोबरच आहे, मी कधी कुरकुर केली नाही. पण डोक्यावर आजूबाजूचं टिपणारा फिरता डबा घेतलेली कंपनीची ती कोऱ्या काचांची गाडी आमच्या रस्त्यावर चालू लागली, तेव्हा तिचं बोनेट बाहेरच्या कुणी उघडून पाहिलं का, हे मला आजवर कळलेलं नाही. ग्रामपंचायतीत ‘माहितीसाठी’ म्हणून एक पत्र आलं होतं. ग्रामसभेत एका म्हातारबाबांनी विचारलं, “हिला तपासनार कोन?” कंपनीचे साहेब म्हणाले, आमची स्वतःची तपासणी फार कडक असते. म्हातारबाबा म्हणाले, “माझी म्हैस किती दूध देते ते मी सांगू का गिऱ्हाइकानं सांगावं?” सगळे हसले आणि विषय तिथेच संपला. मीही हसलो होतो.

कंपनीने कामावर घेतल्यापासून दादा खुशीत होते. रविवारी महाडला आले की माझ्याकडे बसून त्या गाडीच्या गोष्टी सांगायचे. तिला ते ‘पोरगी’ म्हणायचे. “पोरगी गुनी हाय रे. एसटीला वाट देती. कुत्रं आडवं आलं तर थांबती. चढाला जरा बावचळती, पन येईल तिला.” मी चिडवायचो, “दादा, हिचं लायसन कधी काढायचं?” ते म्हणायचे, “घाई नको, अजून कच्ची हाय.” एकदा एक छापील कागद घेऊन आले, गुंडाळून, पिशवीत जपून. कंपनीच्या सगळ्या गाड्यांमध्ये सर्वांत कमी वेळा ब्रेक दाबणारे म्हणून त्यांचा सत्कार झाला होता. मी तो कागद शाळेच्या भिंतीवर लावला. येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवला. जी सवय मी बावीस वर्षं शिव्या देत सहन केली, तिच्याबद्दल कुणीतरी त्यांना शाबासकी देतंय, म्हणजे माझंच चुकत असणार असंही वाटलं.

त्या दिवसांत त्यांनी एक बारीक तक्रार केली होती, ती मात्र माझ्या ध्यानात आहे. आमच्याकडे भात झोडून झालं की बायका डोक्यावर पेंढ्याचे भारे घेऊन वाडीवर चढतात. भारा एवढा मोठा असतो की वरून बाईचं डोकं-खांदे काही दिसत नाहीत, खाली नुसती पावलं. पोरगीला ते माणूस वाटायचं नाही. उशिरा थांबायची. दादांनी हे श्रुतीला दोनदा सांगितलं. तिने लिहून घेतलं आणि म्हणाली, काका, शिकेल ती. मी दादांना म्हटलं, “मग तोवर तुम्ही आधी दाबा की ब्रेक.” त्यावर ते जे बोलले, ते मी गेले दीड महिना डोक्यात घोळवतोय. म्हणाले, “मीच दाबत राहिलो तर तिला येनार कसं? दोनदा थांबली की आपली आपन. जरा अंगावर जाऊन थांबली, पन थांबली.”

तिसऱ्यांदा ती थांबली नाही. उमरठच्या रस्त्याला, वाडीची पायवाट खाली उतरते तिथे, दादांच्याच वाडीतली चंद्राबाई भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. गाडीचा वेग फार नव्हता. दादांचा पाय पडला, पण चंद्राबाईला धक्का बसल्यावर पडला. मांडीचं हाड मोडलं. पेंढा होता म्हणून डोकं वाचलं, नाहीतर... तिच्या मांडीत सळई घातलीय, आता काठी घेऊन चालते. गाडी त्या दिवसापासून बंद आहे. आठवड्याने ग्रामसभा झाली. लोक चिडलेले, कंपनीचे साहेब घामाघूम. आणि कुणी काही विचारायच्या आत दादा उठले. “चूक माझी हाय,” म्हणाले. “माझा पाय उशिरा पडला.” एवढंच बोलून खाली बसले. साहेबांनी ते लगेच लिहून घेतलं. मला इतका राग आला दादांचा. सभेतून बाहेर पडताना मी दंड धरला त्यांचा, म्हटलं, “कशाला बोललात? गाडी त्यांची, यंत्र त्यांचं, तुम्ही कशाला मान पुढे केली?” त्यांनी माझा हात हळूच सोडवला. म्हणाले, “पाय माझा व्हता ना.”

त्यानंतर ते एकदाच शाळेत आले. मी म्हटलं, पुन्हा इथे सुरू करा, पोरं वाट बघतायत. ते म्हणाले, “मला आता डावीकडं बसवू नको, रशीद.” भिंतीवरचा तो सत्काराचा कागद त्यांनी स्वतः काढला, घडी करून खिशात घातला आणि एसटीला गेले. तीच आमची शेवटची भेट. अपघातानंतर पाच आठवड्यांनी ते गेले.

आणि मग माझी पाळी आली. अपघाताची सरकारी चौकशी चालू होती आणि कागदांत माझं शिफारसपत्र होतं, म्हणून मला जबाबाला बोलावलं. आता दादांना विचारता येणार नव्हतं, तेव्हा त्यांच्याबद्दल मी काय बोलतो तेच राहणार होतं. वाडीतले चार जण येऊन बजावून गेले, “रशीदभाई, सांगा, दादांचा पाय कधीच उशिरा पडला नाय. मेलेल्या मान्साच्या नावाला डाग नको.” कंपनीतून एका गोड आवाजाच्या माणसाचा फोन आला. त्याचं म्हणणं, मी जबाबात एवढंच सांगावं, की उशिरा ब्रेक दाबायची त्यांची सवय जुनीच होती. गंमत अशी की तेही खरं होतं. एका बाजूला माझा माणूस, दुसऱ्या बाजूला खरं, आणि ते खरं वापरणार कोण, तर ज्यांनी त्याच सवयीचा सत्कार केला ते. तीन दिवस मी गिऱ्हाइकांवर ओरडत होतो. बायको म्हणाली, तुम्ही आधी चंद्राबाईला तर भेटा.

मी चंद्राबाईकडे गेलो, त्याच्या आदल्या दिवशी श्रुती आली. कंपनीने पाठवलं नव्हतं, आपणहून आली. मी तिला विचारलं, गाडी दादांसमोर शिकत होती ना? तिने मान हलवली. मग म्हणाली, “नाही काका. ती रस्त्यावर शिकत नाही. दिवसभराचं चित्रण पुण्याला जातं, तिथे माणसं बसून बघतात, दुरुस्त्या करतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी गाडीत नवा प्रोग्रॅम भरतात. तोवर ती आज जशी आहे तशीच उद्या.” मी विचारलं, “हे दादांना माहीत होतं?” म्हणाली, “हे त्यांना सांगायला हवं, असं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही.” ब्रेक का दाबला याचं कारण प्रत्येक वेळी लिहून द्यावं लागायचं, वरचे लोक त्यावर प्रश्न विचारायचे. ब्रेक कमी म्हणजे गाडी तयार होत आली, असा हिशेब. तो हिशेब बाहेरचं कुणी बघतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “आम्हीच बघतो.” तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग यायला हवा होता, पण ती माझ्या मुलीच्या वयाची, आणि मी काय वेगळं केलं होतं? पत्र तर मीच लिहिलं होतं.

चंद्राबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. मला वाटलं, दादांचं नाव काढलं की शिव्या देईल. ती म्हणाली, “मला भाऱ्याखालून वरचं दिसत नाय, पन आवाज आला म्हनून मी भारा जरा उचलला. काचेतून गनपतदादा दिसला. माझ्याकडं नाय बघत व्हता. समोरच्या त्या चाकाकडं बघत व्हता, ते आपलं आपन फिरत व्हतं ना, त्याच्याकडं. आनि हसत व्हता. नातवाला पहिलं पाऊल टाकताना बघतात ना, तसा.” मी तिला पुन्हा विचारलं, नक्की? ती जरा चिडलीच. “मांडी माझी मोडली, मला नाय कळनार?”

मला एकदम सगळं दिसलं, आणि दिसल्यावर जास्तच गोंधळ झाला. शिकवणारा माणूस रस्त्याकडे कमी बघतो, शिकणाऱ्याच्या हाताकडे जास्त बघतो. हात कुठे चुकतायत यावरून त्याला पुढचा रस्ता कळतो. दादा बावीस वर्षं हातच बघत आले. त्या गाडीत हात नव्हते, नुसतं चाक फिरत होतं, ते चाकाकडे बघत राहिले. तिची चूक पुरी व्हायची वाट बघत राहिले, तिला यावं म्हणून. आणि ती तर तिथे शिकतच नव्हती. दुसऱ्या बाजूला शिकणारं कुणी नाही, आणि हा माणूस जीव तोडून शिकवतोय... याला चूक म्हणायचं? चंद्राबाईची मांडी मोडली, तेव्हा चूक नाही तरी कसं म्हणू?

मी जबाबात सगळं लिहिलं. पाय उशिरा पडला, हे लिहिलं. नजर रस्त्यावर नव्हती, हेही लिहिलं. त्या सवयीची शिफारस मी केली, कंपनीने तिचा सत्कार केला, गाडी रस्त्यावर शिकत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि बाहेरचा एकही माणूस या सगळ्यावर नजर ठेवायला नव्हता, माझ्या आयोडिनच्या बाटलीवर मात्र आहे, तेही लिहिलं. चौकशीच्या साहेबांनी वाचलं. भला माणूस होता. म्हणाले, “रशीदभाई, इथे दोनच रकाने आहेत. चालकाची चूक किंवा वाहनातला दोष. कुठे टाकू?” मी म्हटलं, “साहेब, मला ठरवता येत नाही.” त्यांनी माझी पानं मागे टाचून ठेवली आणि दोन्ही रकाने तात्पुरते कोरे सोडले. पुढे त्यात काय भरलं जाईल, मला माहीत नाही.

तिथून मी थेट वाडीवर गेलो. वहिनींना सांगायचं होतं, की तुमच्या नवऱ्याच्या विरुद्ध जाईल असंही मी लिहून आलोय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “खरं हाय तेच लिवलंत ना भावजी, मग झालं,” म्हणाल्या. मी पडवीत दादांच्या खुर्चीजवळ उभा होतो. दिवसकार्यासाठी पडवी शेणाने सारवलेली, स्वच्छ. फक्त खुर्चीच्या पुढे, उजव्या पायाच्या जागी, वीतभर जमीन तशीच सोडलेली होती. तिथे खळगा पडला होता. टाचेचा. मी वहिनींकडे बघितलं.

“ते गाडी बंद झाल्यावरचं,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून हितं बसायचे, रस्त्याकडं बघत. एसटी, टेम्पो, दुधाची मोटरसायकल, एकबी सोडली नाय. लांब वळनावर आवाज आला की पाय खाली. मी म्हनायची, अवो, लांब हाय अजून. तर म्हनायचे, लांब हाय तवाच.”

मी खाली वाकून तो खळगा बघत राहिलो. बोट घातलं तर पेरभर खोल होता. पाच आठवड्यांत एवढी जमीन कशी खचते?

“ह्ये लिवलंत का कागदावर?” वहिनींनी विचारलं.

“नाही वहिनी. हे मला माहीतच नव्हतं. कागद तर देऊन आलो.”

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “मग लिवा की कुठंतरी.”